उशिराचा हिशेब

उलटा लंबक उभा राहत नसेल तर दोष कंट्रोलरचा, असं माझं ठाम मत होतं. वर्गात, पेपर काढताना, मुलांच्या प्रकल्पांची तोंडी परीक्षा घेताना मी ते मांडत आलो. आज ते मत माझं राहिलेलं नाही. कंट्रोलर कितीही चांगला असला तरी त्याची मजल कुठवर जाणार हे तो बसवण्याआधीच ठरलेलं असतं. ते ठरवतो लंबकाचा खांब, आणि खांब कलल्याची खबर पोचायला लागणारा वेळ. हा बदल कसा झाला ते लिहून ठेवतो आहे, कारण गोव्यातल्या डिचोली-पेडण्याकडच्या ज्या मुलांना मी कंट्रोल शिकवलं त्यांतल्या कितीतरी जणांनी ते जुनं मत माझ्याच तोंडून ऐकलंय आणि आज ती कारखान्यांत कामाला आहेत.

उलट्या लंबकाचं यंत्र ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सरळ रुळावर पुढे-मागे सरकणारी छोटी गाडी, तिच्यावर मोकळ्या सांध्यात बसवलेली काठी, वर तोंड करून उभी. काठीला धरलेलं कोणी नाही. मोटर आहे ती फक्त गाडी ओढण्यासाठी. काठी उजवीकडे कलली की गाडीनं उजवीकडे पळून तिच्या खाली जायचं, डावीकडे कलली की डावीकडे. शिवाय रूळ संपायच्या आत गाडी मधोमध परत यायला हवी. सांभाळायचं आहे काठीलाही आणि गाडीलाही, हातात मात्र एकच मोटर. १९६० साली एमआयटीतल्या जेम्स रॉबर्ज या विद्यार्थ्यानं पदवीच्या प्रबंधासाठी हा प्रश्न सोडवला. त्याच वर्षी रुडॉल्फ कालमन यांचा इष्टतम नियंत्रणावरचा निबंध आला. गाडीची जागा, गाडीचा वेग, काठीचा कोन आणि कोन बदलण्याचा वेग, या चार आकड्यांना चार गुणक लावून बेरीज करायची आणि तेवढा जोर मोटरला द्यायचा, ही आज प्रत्येक प्रयोगशाळेत वापरली जाणारी रीत त्याच विचारातून आली.

मला या रीतीची भुरळ पडली होती आणि ती अजूनही आहे. फळ्यावर न्यूटनचे नियम मांडायचे, काठी उभीच्या आसपास आहे असं धरून कोनाची साइन म्हणजे कोनच मानायचा, की समीकरणं सरळ होतात. दहा अंशांपर्यंत या मानण्यात अर्धा टक्का चूक येते, वीस अंशांना दोन टक्के. एवढ्यानं काही बिघडत नाही. मग संगणक चार गुणक काढून देतो आणि पडद्यावरची काठी डुलत डुलत सरळ होते. हे पाहून मुलांचे चेहरे उजळतात ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

माझ्या जुन्या मताला आणखी एक आधार होता, तो कामातला. शिकवायला लागण्याआधी मी डिचोली तालुक्यातल्या एका खनिज प्रकल्पावर होतो. हॉपरमधून खनिज बेल्टवर पडायचं, बेल्टच्या दुसऱ्या टोकाला वजनाचा काटा. बेल्ट चाळीस मीटरचा आणि वेग सेकंदाला दोन मीटर धरला, तर वर सोडलेलं खनिज काट्यावर दिसायला वीस सेकंद लागतात. वीस सेकंद म्हणजे नियंत्रणाच्या दुनियेत फार मोठा उशीर. तरी आमचं काम चालायचं. कंट्रोलर जरा मंद ठेवायचा, धीर धरायचा, थोडं खनिज कमी-जास्त जायचं, तासाभरात सरासरी जुळायची. उशीर ही गैरसोय आहे, ती सोसायची असते, हे त्या बेल्टनं माझ्या मनावर कोरलं. पण बेल्टला एकटं सोडलं तरी तो कोसळत नाही, उभ्या काठीला एकटं सोडलं तर ती पडते, आणि दोघांच्या उशिराचा अर्थ म्हणूनच वेगळा, हा विचार मी पुस्तकात वाचला होता, मुलांना सांगितलाही होता. त्याचं वजन मात्र जाणवलं नव्हतं. २०१२ साली खाणी थांबल्या, मुलं औषध कारखान्यांकडे आणि तुयेकडच्या उद्योगांकडे बघू लागली, तरी माझी उदाहरणं बेल्टचीच होती.

मत हललं ते एका प्रकल्पानं. मुलांनी जुन्या प्रिंटरचा रूळ आणि दातेरी पट्टा काढून गाडी केली. काठी होती तीस सेंटिमीटरची, ॲल्युमिनियमची, हलकी आणि सुबक. कोन मोजायला सांध्यावर एन्कोडर बसवतात, पण आम्ही ठरवलं की लॅपटॉपचा कॅमेरा काठीच्या टोकावरचा लाल ठिपका बघेल आणि कोन काढेल. नवीन, स्वस्त आणि बघायला छान. कॅमेरा सेकंदाला तीस चित्रं देतो, म्हणजे दोन चित्रांत तेहतीस मिलिसेकंद. चित्र साठवणं, ठिपका शोधणं, डळमळणारा आकडा गाळून घेणं, मोटरपर्यंत हुकूम पोचणं, असं करत एकूण उशीर एकशेवीस-तीस मिलिसेकंदांवर गेला. सेकंदाच्या आठव्या भागाइतका. आम्हाला तो नगण्य वाटला.

काठी उभी राहीना. गाडी आधी बारीक थरथरायची, मग थरथर रुंदावत जायची, पट्टा करकरायचा आणि काठी रुळाच्या कडेला आपटायची. मी गुणक बदलले. डळमळत्या मोजमापातून खरा आकडा अंदाजणारा कालमनचा फिल्टर बसवला. उशिराचा अंदाज घेऊन पुढचा कोन वर्तवणारा भाग लिहिला. संगणकातल्या प्रतिकृतीत प्रत्येक सुधारणा कामाला यायची, टेबलावर एकही टिकायची नाही. पट्ट्यातली ढील, सांध्याचं घर्षण, मोटरचा सुस्तपणा, कसलाही जरासा फरक पडला की सगळं ढासळायचं.

गटात पार्से गावची एक मुलगी होती. ती म्हणाली, ‘‘सर, ल्हान काठी हातार रावना, व्हडली रावता. व्हडली लावन पळोवया?’’

गावात प्रत्येक पोरानं तळहातावर बांबू उभा केलेला असतो. आखूड काठी झटकन पडते, लांब काठी सावकाश झुकते आणि हाताला तिच्या खाली जायला वेळ देते. मी पेडण्यातच वाढलो, मीही ते केलंय. पण ते खेळात जमा होतं. तिनं पडद्याचा पाइप आणला, सव्वा मीटरचा, आणि वरच्या टोकाला मोठा नट बांधला. मला ते उलटं वाटलं, वरचं ओझं वाढवून काठी उभी कशी राहणार? कंट्रोलरमध्ये फक्त लांबी आणि वजन बदललं. काठी उभी राहिली. डुलत होती, गाडी हातभर पुढे-मागे जात होती, पण उभी होती, त्याच कॅमेऱ्यावर आणि त्याच उशिरावर.

त्या संध्याकाळी मी जो हिशेब केला तो पहिल्या वर्षाच्या मुलालाही जमेल असा आहे. प्रत्येक उभ्या काठीला पडण्याचा आपला एक वेळ असतो. तेवढ्या वेळात, कलंडू लागलेला कोन साधारण पावणेतीनपट होतो. सारख्या जाडीच्या काठीसाठी हा वेळ म्हणजे लांबीच्या दोन तृतीयांशाला गुरुत्वीय त्वरणानं भागून काढलेलं वर्गमूळ. तीस सेंटिमीटरच्या काठीला तो येतो ०.१४ सेकंद. वजन टोकाशी एकवटलं की दोन तृतीयांशाऐवजी जवळजवळ सगळी लांबी हिशेबात येते. सव्वा मीटरला तो वेळ ०.३६ सेकंदांच्या आसपास जातो. वरचं ओझं काठीला मंद करतं, एवढंच त्या नटाचं काम. आमचा उशीर ०.१३ सेकंदांचा. आखूड काठी तेवढ्यात आपल्या पडण्याचा जवळजवळ सगळा वेळ खाऊन बसते, लांब काठीचा तिसरा हिस्साच जातो. कागदावर आखूड काठीही अशक्य नव्हती. पण तिला इतकी थोडी सूट उरली होती की पट्ट्यातल्या एका दात्याची ढील तिला पाडायला पुरेशी होती. मी रात्री जागून सुधारलेला एकही गुणक त्या वर्गमुळातला एक अंश बदलू शकत नव्हता.

माणसाचंही तेच. डोळ्यांनी बघून हात हलवायला आपल्याला सुमारे ०.२ सेकंद लागतात. पेन्सिल बोटावर उभी राहत नाही, कारण तिचा वेळ ०.११ सेकंदांच्या आसपास.

यानंतरच्या कोजागिरीला मी पेडण्याच्या पुनवेला गेलो. लहानपणापासून जातोच. रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगं मी कितीदा पाहिली असतील. उंच खांब, त्याला गुंडाळलेली रंगीत वस्त्रं, अंगात अवसर आलेला माणूस, ढोल आणि लोटलेली गर्दी. भूतनाथ देवळासाठी रुसतो आणि भाविक त्याची समजूत काढतात, ही कथा तिथल्या लहान पोरांनाही माहीत असते. श्रद्धेनं हात जोडत आलो, तसेच त्या रात्रीही जोडले. पण या खेपेला माझी नजर खांबाच्या तळाकडे आणि त्या माणसाच्या पावलांकडे गेली.

तरंग म्हणजे हुबेहूब आमची गाडी नव्हे, हे स्वच्छ सांगतो. तिथे सांधा मोकळा नाही. खांब हातांत आहे, मनगटानं त्याला पीळ देता येतो, कमरेचा आधार आहे. तरी खांब मोठा झुकला की मनगट पुरत नाही, पाय न्यावे लागतात. तीन मीटरचा, वर जड असलेला खांब धरला तर पडण्याचा वेळ अर्ध्या सेकंदाच्या थोडा वर येतो. माणसाच्या ०.२ सेकंदांच्या उशिरात असा खांब दीडपटही कलंडत नाही. म्हणून अंगात वारं शिरल्यासारखा धावणारा माणूसही तो सावरू शकतो. अर्ध्या उंचीचं तरंग केलं असतं तर ते उचलायला हलकं झालं असतं आणि सावरायला अवघड. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या ही तरंगं नेली त्यांना हे शरीरानं माहीत आहे. मला ते समीकरणांतून कळायला अर्धं आयुष्य जावं लागलं, आणि मला त्या माणसांबद्दल आता पूर्वीपेक्षा वेगळा आदर वाटतो.

तिथेच आणखी एक गोष्ट दिसली, जी टेबलावर सुटली होती. तरंग झुकलं की त्या बाजूची गर्दी फाकते. लांब खांब वेळ देतो पण जागा मागतो. तीन मीटर उंचीवरचं वजन पाच अंश कललं की ते तळापासून पाव मीटर बाहेर जातं, म्हणजे पावलानं निदान तेवढं आणि त्याहून थोडं अधिक जायलाच हवं. आमच्या आखूड काठीला तेवढ्याच कोनासाठी दोन सेंटिमीटर पुरले असते. पडद्याचा पाइप लावला तेव्हा गाडी हातभर का फिरत होती ते मला त्या पटांगणात समजलं. प्रिंटरचा रूळ आणखी आखूड असता तर लांब काठीही पडली असती, आणि मी पुन्हा गुणकांनाच दोष दिला असता. वेळ आणि जागा, दोन्ही खांबच ठरवतो. रुळाची लांबी किती ठेवावी हा सुताराला सांगायचा तपशील नाही, ते नियंत्रणाचं पहिलं गणित आहे.

रुळाचा विषय निघालाच आहे तर गाडीची एक गंमत सांगायलाच हवी. गाडी रुळावर उजवीकडे वीस सेंटिमीटर न्यायची असा हुकूम दिला, की ती आधी डावीकडे जाते. दर वर्षी कोणीतरी मूल धावत येतं, सर, मोटरच्या तारा उलट्या लागल्यात. तारा बरोबरच असतात. उजवीकडे जायचं तर काठी आधी उजवीकडे झुकायला हवी, आणि तिला उजवीकडे झुकवायचं तर तळ डावीकडे सरकवावा लागतो. हे टाळणारा कंट्रोलर नाही आणि होणार नाही. पूर्वी मी याला समीकरणाचा एक गुण म्हणून एका ओळीत उरकायचो. आता यावर सबंध तास घालवतो, कारण यंत्र काय करू देणार नाही हे इतक्या उघडपणे दाखवणारं दुसरं काही माझ्या प्रयोगशाळेत नाही.

हे मी शोधून काढलेलं काही नाही. गुंटर स्टाइन यांनी १९८९ साली बोडे व्याख्यान दिलं, त्याचं नाव ‘रिस्पेक्ट द अनस्टेबल’. ते २००३ साली छापून आलं. मी ते वाचलं होतं, त्यातला भाग वर्गात सांगितलाही होता. अस्थिर यंत्राला आवरायला किती वेग लागेल याला खालची हद्द असते आणि साधनांच्या वेगाला वरची, या दोन हद्दींमध्ये जागा उरली नाही तर बुद्धी कामाला येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ग्रिपेन या स्वीडिश लढाऊ विमानाचं उदाहरण दिलंय. ते विमान मुद्दाम अस्थिर बांधलेलं असतं, संगणक त्याला क्षणोक्षणी सावरतो. १९८९ साली त्याचा एक नमुना उतरताना कोसळला, १९९३ साली दुसरं विमान स्टॉकहोममध्ये लोकांच्या डोळ्यांदेखत पडलं. वैमानिकाचा हात आणि यंत्राचा सावरण्याचा वेग यांचा मेळ तुटला होता. दोन्ही वेळा वैमानिक वाचला. मी ते विमानांविषयीचं समजून वाचलं. आपल्या टेबलावरच्या काठीला तेच लागू आहे हे पार्श्याच्या मुलीनं दाखवल्यावर मला पटलं.

खबरेची गरजच पडणार नाही असाही एक मार्ग आहे, तो मला फार आवडतो. लंबकाचा तळ वर-खाली अतिशय वेगानं थरथरवला तर तो कोणी न बघता, न मोजता उलटा उभा राहतो. अँड्र्यू स्टीफन्सन यांनी १९०८ साली हे गणितानं दाखवलं, प्योत्र कापित्सा यांनी १९५१ साली त्याचा सुरेख उलगडा केला. कंट्रोलर नाही, कॅमेरा नाही, उशीर नाही. जे करायचं ते खांबालाच केलेलं.

अलीकडची मुलं मला सांगतात की आता समीकरणंच नकोत, संगणक चुकतमाकत स्वतः शिकतो. खरं आहे. बार्टो, सटन आणि अँडरसन यांनी १९८३ साली नेमक्या याच गाडी-काठीवर ते करून दाखवलं, आणि आजही शिकणाऱ्या प्रोग्रामची पहिली परीक्षा बहुधा याच काठीवर होते. त्या पद्धतीला माझा विरोध नाही. पण मुलं जी आभासी गाडी वापरतात तिच्यात काठी एक मीटरची असते, घर्षण जवळपास नसतं आणि कोन कळायला उशीर अजिबात नसतो. मी त्यांना तीत १३० मिलिसेकंदांचा उशीर घालायला आणि काठी तीस सेंटिमीटरची करायला सांगतो. शिकलेला प्रोग्रामही मग गाडी थरथरवू लागतो, आमच्या टेबलावर थरथरायची तशीच. तो कसा शिकला याचं वर्गमुळाला काही पडलेलं नसतं.

म्हणून आता माझ्या प्रयोगशाळेत संगणक उघडण्याआधी मुलांनी कागदावर तीन आकडे लिहायचे: काठीचा पडण्याचा वेळ, खबर पोचून मोटर हलेपर्यंतचा उशीर आणि रुळाची लांबी. उशीर अंदाजानं लिहायचा नाही, मोजायचा. तीन आकडे जुळले नाहीत तर काठी बदला, मोजण्याचं साधन बदला, रूळ बदला. कंट्रोलरला हात लावायचा नाही. एका सहकाऱ्यांना हे पटत नाही. अभ्यासक्रमात कंट्रोलरची रचना आहे, काठीची निवड नाही, असं त्यांचं म्हणणं. अभ्यासक्रमाबद्दल ते बरोबर आहेत. पण कारखान्यात गेल्यावर सेन्सर कुठे बसवायचा, टाकीपासून झडप किती लांब ठेवायची हे ठरवायची वेळ येते तेव्हा आपला विद्यार्थी गप्प बसणार असेल, तर चार गुणक काढता येण्याचा त्याला काय उपयोग? आम्ही तीच तीस सेंटिमीटरची काठी पुढे एन्कोडर लावून उभी केली. एन्कोडर फेरीला २,४०० खुणा मोजतो, म्हणजे अंशाच्या सातव्या भागाइतका फरक ओळखतो, आणि उशीर दहा-बारा मिलिसेकंदांवर आला. कालमनचा फिल्टर काढून टाकला. पहिल्या दिवशीचे चार गुणक परत घातले आणि काठी उभी राहिली.

पार्श्याच्या त्या मुलीला आता एकाच गाडीवर शेजारी शेजारी दोन काठ्या उभ्या करायच्या आहेत. ते जमतं, फक्त दोन्ही काठ्या सारख्या असता कामा नयेत. सारख्या असतील तर गाडीचा प्रत्येक धक्का दोघींना सारखाच बसतो, त्यांच्या कोनांतला फरक आपल्या वेगानं वाढत राहतो, आणि जगातला कुठलाही कंट्रोलर त्या फरकाला हात लावू शकत नाही. पूर्वी मी तिला आधी गुणक काढायला बसवलं असतं. या वेळी आम्ही आधी लांब्या ठरवल्या, एक काठी एक मीटरची आणि एक तीस सेंटिमीटरची, वेळ ०.२६ आणि ०.१४ सेकंद. कॅमेरा नाही, दोन एन्कोडर मागवलेत. रूळ प्रिंटरचा पुरणार नाही, तो दीड मीटरचा घ्यावा असं तिचं म्हणणं आहे आणि तिचा हिशेब मी तपासला, बरोबर आहे.